शॉपर्स स्टॉप मॉलमध्ये शिरलं, त्यात उपनगरांचं भलं झालं का?

पार्लेकर: १९९१ मध्ये के. रहेजा ग्रुपने अंधेरी पश्चिमेला शॉपर्स स्टॉप काढलं, तेव्हा ते रस्त्यावरचं दुकान होतं. आधी फक्त पुरुषांचे कपडे, मग बायकांचे, मुलांचे, अत्तरं, घड्याळं. उंची मालासाठी फोर्ट-कुलाब्याला जायची गरज उरली नाही, याचं कौतुक मलाही आहे. तिथून बाहेर पडलेलं गिऱ्हाईक स्टेशनकडे चालत जाताना चपला बघायचं, टेलरकडे डोकवायचं, वडापाव खायचं. पुढे २००४ मध्ये मालाडचा इनऑर्बिट मॉल आला, २००८ मध्ये वाशीचा. दुकान रहेजांचं आणि मॉलही रहेजांचाच. आता गिऱ्हाईक गाडी पार्किंगला लावतं आणि तिथूनच घरी जातं, बाजारपेठेत त्याचं पाऊलच पडत नाही. अशी दुकानं उपनगरात जरूर यावीत, पण रस्त्यावर यावीत.

मालाडवाली: अजिबात पटलं नाही. रस्त्यावर म्हणजे नक्की कुठे? मालाड स्टेशनबाहेर दोन लहान मुलांना घेऊन चालून दाखवा. बाजारात बाईमाणसाला स्वच्छतागृह मिळत नाही. ट्रायल रूम म्हणजे पडदा लावलेला कोपरा. चार ड्रेस काढायला लावून एकही घेतला नाही की दुकानदाराचं तोंड वाकडं. मॉलमधल्या दुकानात माझी आई तासभर कपडे घालून बघते, कोणी काही बोलत नाही.

आणि मॉल म्हणजे श्रीमंतांचाच हेही खरं नाही. १९९९ मध्ये ताडदेवला क्रॉसरोड्स उघडला तेव्हा मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरून आत या, असा कारभार होता. मालाडला आम्हाला दारात कोणी अडवलं नाही.

कापडवाला: मी याच धंद्यात आहे, म्हणून भाड्याचं सांगतो. मोठं दुकान गर्दी खेचतं, म्हणून त्याला चौरस फुटाचा दर कमी लागतो. धंद्यात त्याला अँकर म्हणतात. ती कसर लहान गाळ्यांकडून भरून निघते. त्यात अशा दुकानांतला बराच ब्रँडेड माल 'विकला तर पैसे' या बोलीवर असतो, उरला की कंपनीकडे परत. आमच्याकडे माल आधी पैसे मोजून उचलायचा, दिवाळीत नाही खपला तर तोटा आमच्या अंगावर. गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्याकडे एवढे साइझ का नाहीत? ठेवणार कशाच्या जिवावर?

मालाडवाली: हे मान्य, पण ही तक्रार भाड्याची आणि उधारीची झाली. त्यासाठी मॉल नकोच, हे मी म्हणणार नाही. माझी मावसबहीण मॉलमध्ये काउंटरवर आहे. पीएफ कापला जातो, आठवड्याची सुट्टी पक्की. आधी बाजारातल्या एका दुकानात होती, तिथे यातलं काहीच नव्हतं.

ठाणेकरीण: पीएफ मिळतो, पण दिवसभर उभं राहून पायांचं काय होतं तेही विचारा तिला. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसायची सोय सक्तीची केली. मॉलवर बोलताना आपण गिऱ्हाईक आणि मालक यांच्याबद्दलच बोलतो, काउंटरमागची मुलगी कोणाच्या लक्षातच येत नाही.

पार्लेकर: हा मुद्दा माझ्या लिहिण्यात यायला हवा होता. तरी बाजारपेठेबद्दलचं माझं मत कायम आहे. फूटपाथ नाहीत म्हणून मॉल हवा, असं म्हणत राहिलो तर महापालिका फूटपाथ कधीच करणार नाही.

मालाडवाली: फूटपाथ होईपर्यंत मी मॉलमध्येच जाणार. बसायच्या सोयीला मात्र पूर्ण पाठिंबा, आणि तो नियम बाजारातल्या दुकानांनाही लावा. तिथल्या मुलीही उभ्याच असतात.