मदत हवी आहे: कार्दोझोच्या रिक्विएममधले शार्प कोणाचे?

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी कॉयरने यंदा मानुएल कार्दोझोचं सहा आवाजांचं रिक्विएम हाती घेतलंय. (हा लिस्बनच्या कार्मो मठातला साधू आणि संगीतकार, मृतांसाठीची ही प्रार्थना 1625 साली छापली गेली.) मी टेनरमध्ये (पुरुषांच्या उंच आवाजाच्या गटात) गातो, म्हणून इतिहास शोधायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं!

अडचण अशी. सुरुवातीलाच एक स्वरमेळ असा काही कानाला टोचतो की पहिल्या तालमीला सगळ्यांना वाटलं, कोणीतरी बेसूर झालं. आमच्या प्रतीत काही शार्प (स्वर अर्ध्याने चढवायच्या खुणा) स्वराच्या शेजारी आहेत, काही स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षरात. मला कळलंय ते असं: शेजारचे मूळ छापील, डोक्यावरचे आजच्या संपादकाने सुचवलेले. त्या काळी ओळीच्या शेवटी विसाव्यावर येताना स्वर चढवायचा हे गायकाला ठाऊकच असे, लिहायची गरज नसे. पण मग डोक्यावरचे सगळे मानायचे, की कान सांगेल तसं? आमच्यात यावरून दोन तट पडलेत.

लिस्बनमध्ये शोधावं तर 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात राजा जोआंव चौथ्याचं प्रचंड संगीत ग्रंथालयच गेलं. उरली ती 1649 ची छापील यादी. नुसती नावं वाचून जीव हळहळतो.

जुन्या युरोपीय समूहगायनाचा अनुभव असलेलं कोणी आहे का इथे? मूळ छपाईची छायाचित्रं कुठे पाहता येतील? पुढची तालीम रविवारी आहे.