चर्चा: कर्करोगाची एमआरएनए लस टिकाऊ करायची तर पैसा आधी नॅनोकणांवर लावा

रसायनी
या लसींचा, म्हणजे ट्यूमरच्या खुणांची कृती एमआरएनए या रेणूतून शरीराला देणाऱ्या लसींचा, विषय निघाला की सगळे ‘रुग्णागणिक वेगळी लस’ यातच रमतात. ट्यूमरच्या खुणा कोणत्या, त्या निवडायच्या कशा वगैरे. माझं मत वेगळं आहे. प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं टिकायला हवी असेल तर लिपिड नॅनोकण सुधारा, म्हणजे एमआरएनए पेशीपर्यंत वाहून नेणारे स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म कण. रक्तात गेलेल्या कणांना अपोई हे प्रथिन चिकटतं आणि ते यकृतात जाऊन बसतात. 2018 साली मंजूर झालेल्या पॅटिसिरान या आरएनए औषधाला यकृतच गाठायचं होतं, त्यामुळे त्याचं साधलं. लसीला मात्र प्लीहा आणि लसिका गाठींतल्या डेंड्रिटिक पेशी (खुणा दाखवणाऱ्या) हव्यात, कारण टी-पेशींची (कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या) शिकवणी तिथे होते. बरं, पेशीत शिरूनही बहुतेक एमआरएनए एंडोसोममध्येच, म्हणजे पेशीतल्या पिशवीतच, अडकून कुजतो. डॅलसच्या डॅनियल सीगवर्ट यांच्या गटाने 2020 मध्ये नेहमीच्या चार घटकांत पाचवा, ऋणभारित लिपिड घातला आणि उंदरांत कण प्लीहेकडे वळवून दाखवले.

वॉर्डातला
उंदीर काय, दर आठवड्याला बरे होतात! माणसांचं बोला. मॉडर्ना-मर्कच्या चाचणीत मेलेनोमाचे (त्वचेच्या एका कर्करोगाचे) 157 रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती मोकळी करणाऱ्या औषधाच्या जोडीला लस दिली, तेव्हा आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा 44 टक्क्यांनी कमी दिसला. कण नेहमीचेच, स्नायूत टोचलेले. लसीत खुणा मात्र 34 पर्यंत.

रसायनी
मग स्वादुपिंडाचं बघा. न्यूयॉर्कला बालचंद्रन यांच्या गटाने बायोएनटेकची लस शिरेतून दिली. तिचे लिपोप्लेक्स (लिपिड आणि आरएनएचे) कण प्लीहेकडे जातील असेच बेतलेले. लसीने तयार झालेल्या टी-पेशींचं सरासरी आयुष्य 7.7 वर्षं निघालं. स्वादुपिंडाच्या कर्करोगात, लक्षात घ्या!

वॉर्डातला
‘निघालं’ नाही, गणिताने अंदाजलं. पाठपुरावा जेमतेम 3 वर्षांचा. आणि 16 पैकी 8 जणांत लसीचा काहीच प्रतिसाद नव्हता. कण तोच, शीरही तीच! मग त्या आठांचं काय? प्रतिसाद दिलेल्या आठांपैकी सहा जणांचा आजार उलटला नाही, याचा आनंद मलाही आहे. पण त्याचं श्रेय लिपिडाला कसं द्यायचं? किमो होती, पेम्ब्रोलिझुमॅबसारखंच अटेझोलिझुमॅब होतं, गाठ आधीच काढलेली होती.

हिंजवडीकर
दोघेही एक गोष्ट विसरताय. या लसी एकदा टोचून भागत नाही, मेलेनोमाच्या लसीचेच नऊ डोस आहेत. कणांवरच्या पीईजी या आवरणाविरुद्ध शरीराने प्रतिपिंडं बनवली की पुढचा डोस रक्तातून लवकर साफ होऊ शकतो. शिवाय शिरेतून दिल्यावर थंडी-ताप येतो तो वेगळाच. त्यात साठवण आली. पुण्याच्या जिनोव्हाच्या कोविड लसीला 2022 मध्ये आणीबाणीची परवानगी मिळाली, ती 2 ते 8 अंशांत राहते. तिथे एमआरएनए लिपिडच्या कणात कोंडलेला नसून नॅनो-इमल्शनच्या (पाण्यात विखुरलेल्या तेलाच्या) सूक्ष्म थेंबांवर बसवलेला होता. वाहनाचं काम म्हणजे नुसता प्लीहेचा पत्ता शोधणं नव्हे.

वॉर्डातला
हे पटलं. तरी माझी अट एकच: खुणा त्याच ठेवा, कण दोन वेगळे घ्या आणि दोन वर्षांनी दोन्ही गटांतल्या स्मृतिपेशी (खूण लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी) मोजा. तोवर कणांचा जयजयकार नको.

रसायनी
अट मान्य. पण करणार कोण? मॉडर्ना आणि बायोएनटेक, दोन्ही कंपन्यांचे लिपिड आपापल्या पेटंटच्या कुलपात आहेत. सरकारी पैशाशिवाय ही चाचणी उभीच राहणार नाही.