प्रौढांच्या इंग्रजी वाचनासाठी आनंदीबाई जोशींचे चरित्र कसे वापरावे?

प्रश्न: आमच्या संध्याकाळच्या वर्गात अक्षरओळख झालेल्या, पण सलग इंग्रजी परिच्छेद वाचताना अडखळणाऱ्या गृहिणी आणि दुकानदार आहेत. बालवाचनाची पुस्तके त्यांना पोरकट वाटतात, म्हणून डॉ. आनंदीबाईंचे चरित्र सोप्या इंग्रजीत लिहून द्यावे असा विचार आहे. सुरुवात कुठून करावी?

पहिले उत्तर: निवड चांगली आहे, कारण कथा ठाऊक असलेला वाचक अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून ताडतो. मात्र जन्मापासून आरंभ करू नये. बंगालमधील सेरामपूर येथे १८८३ साली त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत, यावर इंग्रजीत भाषण केले. तो प्रसंग आधी घ्यावा. 'व्हॉयेज', 'डिग्री', 'ओपोज' असे मोजके शब्द वाचनापूर्वी फळ्यावर लिहून तोंडी वापरून घ्यावेत आणि पुढील प्रत्येक परिच्छेदात ते पुन्हा येतील अशी रचना करावी. एकदाच भेटलेला शब्द सहसा टिकत नाही.

दुसरे उत्तर: 'शी लेफ्ट कलकत्ता इन १८८३', 'शी ग्रॅज्युएटेड इन १८८६' अशी वाक्ये कागदाच्या पट्ट्यांवर लिहून क्रमाने लावायला द्यावीत, म्हणजे भूतकाळी क्रियापदे आपोआप घोटली जातात. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांच्या कडक शिस्तीवर वर्गात वाद होणारच (आमच्याकडे दर वेळी होतो). तो मराठीत मनसोक्त होऊ द्यावा आणि मगच प्रत्येकाकडून आपल्या मताची दोन इंग्रजी वाक्ये लिहून घ्यावीत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सेरामपूरचा परिच्छेद या आठवड्यातच लिहायला घेतो.