शिथिलीकरण की प्रसरण?

विचारणा : वडिलांच्या टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात ‘डायस्टॉलिक डिसफंक्शन, ग्रेड १’ असा शेरा होता. त्याचा अर्थ मी ‘हृदयाच्या शिथिलीकरणातील दोष’ असा सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “सैल पडायलाही जमत नाही म्हणजे काय?” पुस्तकांत कुठे ‘आकुंचन-प्रसरण’, तर कुठे ‘आकुंचन-शिथिलीकरण’ अशी जोडी आढळते. यांपैकी योग्य कोणती?

उत्तर : दोन्ही योग्य आहेत, पण त्या एकाच वस्तूविषयी बोलत नाहीत. प्रसरण पावतो तो हृदयाचा खालचा कप्पा, म्हणजे निलय (जुन्या पुस्तकांतली जवनिका). शिथिल होतो तो त्याच्या भिंतीतला स्नायू. वडिलांनी मात्र नेमके दुखणे पकडले आहे. ‘निर्बंध शिथिल झाले’ असे वाचण्याची सवय असल्यामुळे शिथिल होणे म्हणजे काही न करणे, असे आपल्याला वाटते. हृदयात तसे नाही.

विद्युत्संदेश आला की थोडे कॅल्शियम पेशीबाहेरून आत शिरते आणि त्याच्या चाहुलीने पेशीतल्या जालिकेत (सूक्ष्म नळ्यांच्या जाळ्यात) साठवलेले बरेच कॅल्शियम मोकळे होते. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटले की ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवरची आडकाठी सरकते, मायोसिन हे दुसरे प्रथिन त्यांना धरून ओढते आणि स्नायू आखडतो. ही पकड सुटायची तर ते कॅल्शियम उपसून पुन्हा जालिकेत भरावे लागते, आणि तिथला पंप कॅल्शियमच्या दर २ आयनांमागे (विद्युतभारित कणांमागे) एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, १ रेणू खर्च करतो. शिवाय मायोसिनला ॲक्टिन सोडण्यासाठीही एटीपीच लागते. मृतदेह ताठरतो तो ते संपल्यामुळे. तेव्हा शिथिलीकरण ही विश्रांती नव्हे, उपसा आहे.

पुरवणी विचारणा : कॅल्शियमला ‘चुना’ म्हणता येईल का?

उत्तर : नको. चुना हे कॅल्शियमचे संयुग आहे. पेशीत असतो तो आयन. पाण्यातल्या कॅल्शियमचा हृदयाशी संबंध मात्र खरा आहे. लंडनमध्ये सिडनी रिंगर या डॉक्टरांनी बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवले होते. द्रावण नळाच्या पाण्याचे होते, हे त्यांना मागाहून कळले. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच ठोके मंदावून थांबले, आणि नळाच्या पाण्यातले कॅल्शियमच हृदय चालू ठेवत होते, असे त्यांनी १८८३ मध्ये मांडले.

पुरवणी विचारणा : मग अहवालासाठी कोणता शब्द घ्यावा?

उत्तर : ‘प्रसरणदोष’. कॅल्शियमचा उपसा मंदावल्याने किंवा भिंतच कडक झाल्याने, कसाही कप्पा नीट भरेनासा झाला तरी हा शब्द चालतो. ‘शिथिलीकरणदोष’ पहिल्या कारणापुरताच राहतो. वडिलांना एवढे आवर्जून सांगावे, की हाडांसाठी घ्यायच्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा उपसा वेगवान होत नाही.