दामदुपट आणि इंग्रज

वर कोणीतरी लिहिलंय की व्याजाला कायद्याने लगाम घालणं आपल्याकडे इंग्रजांनी आणलं. उलट आहे हो. इंग्रजांनी १८५५ मधे व्याजदरावरची मर्यादा काढून टाकली, दामदुपट आपल्याकडे मनुस्मृतीपासून आहे, म्हणजे एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त नाही, धान्याच्या कर्जाला पाचपटीपर्यंत सूट. मुंबई हायकोर्टाने १८५५ नंतरही हा नियम हिंदू ऋणकोंसाठी चालू ठेवला. पण मेख अशी की सावकार थकबाकी जोडून नवीन खत (कर्जरोखा) लिहून घ्यायचा, व्याजच मुद्दल व्हायचं आणि मोजणी परत शून्यापासून, शिवाय दावा लागला की पुढच्या व्याजाला नियम नाहीच. १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी खतं जाळली ती उगाच नाही! दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी केलेल्या १८७९ च्या कायद्याने मग कोर्टाला खतामागचा जुना हिशोब उकरायचा अधिकार दिला.

गंमत म्हणजे रोमन कायद्यातही जवळपास हाच नियम होता, तो डच लोकांबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेला आणि तिथे आजही जिवंत आहे, २००५ च्या क्रेडिट कायद्यात तर व्याजासोबत फी वगैरेही त्याच मर्यादेत घेतलीय. आपल्या बँकांच्या क्रेडिट कार्डाला असं काही लावा म्हटलं तर केवढा गहजब होईल :)