मदत हवी आहे: हॉटेलच्या टाइम ऑफिसमध्ये बसते, एचआर रीतसर शिकायचंय, कुठला रस्ता धरू?

नमस्कार मंडळी,

मी मूळची मालवणची. सहा वर्षं उत्तर गोव्यातल्या एका रिसॉर्टमध्ये आहे. पाच वर्षं फ्रंट ऑफिसला काढली, आणि गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून एचआरमध्ये, म्हणजे खरं तर टाइम ऑफिसमध्ये बसते. हजेरी, ओटी (जादा तासांचं काम), रजा, पीएफचे आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) कागद. शिक्षण बी.कॉम., ५८ टक्के, वय २८. या कामाचं शिक्षण घ्यायचं ठरवलंय.

आधी का शिकायचंय ते सांगते, कारण सल्ला त्यावरच ठरेल असं वाटतं.

यंदाच्या चवथीआधीची गोष्ट. हाउसकीपिंगला कुडाळकडच्या एक काकी होत्या, कंपनीच्या रोलवर चौदा वर्षं. रोस्टर भिंतीवर लागला तेव्हा चवथीच्या दिवशी त्यांच्या नावापुढे सकाळची ड्यूटी. माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "गो बाय, माका गणपतीक घराक जाऊक मेळात ना?" मी वर विचारलं. उत्तर आलं, रूम्स फुल आहेत, कुणालाच सुट्टी नाही. काकी चवथीला आल्या नाहीत, आणि नंतरही आल्या नाहीत. दीड दिवसाच्या सुट्टीपायी चौदा वर्षांचं माणूस गेलं. त्यांच्या जागी एजन्सीकडून दोन मुली आल्या. चेकआउट झालेली खोली काकी अर्ध्या तासात तयार करायच्या, तिथे दोघींना मिळून पाऊण तास लागायला लागला. त्या पोरींचा काही दोष नाही, त्यांना हाताशी धरून शिकवायला कोणी उरलंच नव्हतं.

मग मी तीन वर्षांचे रजेचे अर्ज काढून बसले. आमच्याकडे सावंतवाडी-बांद्याहून रोज मोटारसायकलने येणारी मुलं आहेत, त्यांना चवथ आणि शिमगा हवा. नेपाळची मुलं दसैंला (त्यांच्याकडच्या दसऱ्याला) जातात. बिहार-झारखंडच्या मुलांना छठ. गोव्यातल्या ख्रिस्ती मंडळींना नाताळ, आणि नेमका तेव्हाच रिसॉर्ट सगळ्यात भरलेला. पण हे सण एकाच दिवशी येत नाहीत! जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, सगळ्यांना विचारून एक वही केली तर चवथीला नेपाळची मुलं उभी राहतील आणि दसैंला आमची. मी हे मांडलं, तर म्हणाले, तू एचआर शिकलेली नाहीस, हजेरी बघ. तेव्हापासून हे शिकायचं डोक्यात बसलंय.

आणखी एक. किचनमध्ये झारखंडचा एक मुलगा होता. तीन हॉटेलांत काम केलेलं, त्यामुळे पीएफचे यूएएन (ओळख क्रमांक, जो माणसाला एकच असायला हवा) तीन, आधारवर नाव एक आणि पीएफच्या नोंदीत दुसरंच. त्याच्याच पगारातून दर महिन्याला कापलेले १२ टक्के, आणि त्यालाच मिळेनात. दोन महिने पाठपुरावा केला. पैसे जमा झाले त्या दिवशी तो चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवून गेला, बोलला काहीच नाही. हे काम मला आवडतं, हे त्या दिवशी पक्कं कळलं.

माझ्यापुढचे पर्याय असे. सीईटी देऊन महाराष्ट्रात पूर्णवेळ एमबीए, एचआर विषय घेऊन. किंवा ग्वाल्हेरच्या आयआयटीटीएम या पर्यटन संस्थेचं पर्यटनातलं एमबीए, कारण या क्षेत्रातून बाहेर पडायचं नाहीये. किंवा नोकरी सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एचआरमधलं एमबीए. घरी आईबाबा चार खोल्यांचा होमस्टे चालवतात, ऑक्टोबर ते मे माझा हातभार लागतो, शिवाय पगार थांबला तर अवघड आहे. पण दूरशिक्षणाच्या पदवीला हॉटेलवाले किंमत देतात का? आणि पर्यटनातला एचआर नेहमीच्या एचआरपेक्षा वेगळा शिकवतात का कुठे?

जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं.

प्रतिसाद १

मी हॉटेलांच्या एचआरमध्ये अठरा वर्षं आहे, सध्या पुण्यात. तुझं लिहिणं वाचून बरं वाटलं.

पर्यटनाचं एमबीए तुझ्यासाठी नाही. तिथे डेस्टिनेशन, टूर ऑपरेशन, तिकिटिंग, मार्केटिंग यांवर भर असतो, मनुष्यबळ हा बऱ्याच विषयांतला एक. हॉटेल तुला आतून माहीत आहे. तुला हवाय तो कामगार कायदा, वेतनरचना, मनुष्यबळ नियोजन. तुझी परिस्थिती पाहता इग्नू घे. कमीत कमी दोन वर्षं, पण चार वर्षांपर्यंत पुरं करता येतं, म्हणजे सीझनमध्ये एखादी परीक्षा राहिली तरी आकाश कोसळत नाही. मोठ्या साखळी हॉटेलांची थेट ट्रेनी भरती कॅम्पसमधून होते, ती वाट तुला बहुधा मिळणार नाही, हे समजून घे. पण युनिटच्या (एकेका हॉटेलच्या) एचआरला अनुभव आणि पदवी दोन्ही असलेलं माणूस लागतं, आणि ते सहजी सापडत नाही.

कायदा आत्तापासून वाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत सामावले. मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी (नोकरी संपल्यावर मालकाने द्यायची एकरकमी रक्कम) लागू होते. हंगामावर माणसं घेणाऱ्या रिसॉर्टमध्ये करार किती महिन्यांचा लिहिला जातो इकडे म्हणूनच नीट बघ.

आणि ग्रॅच्युइटीवरून मुख्य प्रश्न. त्या काकींची दिली का? पाच वर्षं सलग नोकरी झाली की ती माणसाची होते, सोडून गेलं म्हणून बुडत नाही. शेवटचं महिन्याचं बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. समज १३,००० असेल, तर वर्षाला ७,५०० आणि चौदा वर्षांचे १ लाख ५ हजार. फाईल काढून बघ.

प्रतिसाद २

मी हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना शिकवतो. वरच्या ताईंशी निम्मा सहमत आहे. घरी दोन वर्षं निभावणार असतील तर पूर्णवेळच करा असं मी म्हणेन. युनियनशी बोलणी कशी करायची, तक्रार आलेल्या माणसाची चौकशी कशी चालवायची, हे वर्गात भूमिका घेऊन, चुकून, वाद घालून शिकतात. पुस्तकातून ते अर्धंच येतं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा मनुष्यबळ आणि कामगार संबंधांचा अभ्यासक्रम यासाठी फार चांगला आहे, प्रवेश कठीण आहे पण तयारी करून बघा.

पर्यटनातला एचआर वेगळा का, याचं एक उत्तर. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाईसुंदरींच्या कामावरून भावनिक श्रम ही कल्पना मांडली. हसतमुख राहणं हेही काम आहे आणि त्यानेही माणूस थकतो. ब्रेक शिफ्टमध्ये सकाळी सात ते अकरा आणि पुन्हा संध्याकाळी सहा ते अकरा उभ्या असलेल्या मुलाला रात्री शेवटच्या टेबलावरही हसायचं असतं. मधले सात तास तो कुठे टेकतो, ते बघा.

धागाकर्ती

ताई, सर, मनापासून आभार.

सर, मधल्या वेळेत आमची मुलं लॉन्ड्रीच्या मागे पुठ्ठे अंथरून झोपतात. रोज दिसायचं, पण हा एचआरचा विषय आहे असं कधी मनात आलं नव्हतं. पूर्णवेळ शिकणं सध्या तरी झेपणार नाही. इग्नूच्या जानेवारी सत्राचा फॉर्म भरते.

ताई, आज फाईल काढली. काकींच्या फुल अँड फायनलचा (नोकरी सुटतानाच्या शेवटच्या हिशोबाचा) कागद कोरा आहे, सहीसुद्धा नाही. ग्रॅच्युइटीचा अर्ज प्रिंट करून घेतलाय. रविवारी माझा ऑफ आहे, कुडाळला जाऊन त्यांना तो वाचून दाखवते आणि सही घेऊन येते. अर्जाची पोच मॅनेजरनी दिली नाही तर स्पीड पोस्टाने पाठवलेला चालतो ना, एवढं फक्त सांगा.