शब्दचर्चा : पहाटेची तोफ ‘डागली’ की ‘झाली’?

साखर पेठ : जुन्या इंग्रजी छावणीवरचा मजकूर मराठीत आणायचाय. रोज उजाडताना एक तोफ सुटते, शिपाई उठतात. ‘मॉर्निंग गन’ला ‘पहाटे तोफ डागली जाते’ चालेल का?

नवी पेठ : ‘डागली’ म्हटलं की समोर शत्रू आला. ही इशारतीची तोफ, तिच्यात गोळाच नसतो. आपल्याकडं गिरणीचा भोंगा ‘होतो’, तशी ही तोफ ‘होते’. पेशवाईतल्या पुण्यातही रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी असे.

साखर पेठ : मग गोळा नसलेल्या बाराला ‘फुसका बार’?

भवानी पेठ : अजिबात नको! फुसका म्हणजे फसलेला. हा बार दणदणीतच असतो. ‘नुसत्या दारूचा बार’ लिहा.
पुढं कृती आली असेल तर तोंडानं भरायच्या तोफेचा क्रम असा. नळी पुसून कोरडी करायची. दारूची लोकरी पिशवी गजानं तळापर्यंत सारायची. सुती कापड मागं निखारा धरून ठेवतं, म्हणून लोकरी. मग तोफेच्या कानातून, म्हणजे मागच्या बाजूच्या बारीक भोकातून, टोचणी घालून पिशवी फोडायची, कानात रंजक (पेट देणारी दारू) भरायची आणि चाकाबाहेर, बाजूला उभं राहून लांब काठीवरच्या तोड्यानं (जळत्या वातीनं) बत्ती द्यायची. दारूवर बोळा गच्च ठासू नये, तोच गोळ्यासारखा सुटतो.
पहाटेची खरी अडचण दहिवराची. कान रात्रभर झाकला नाही तर आत ओल धरते; वरची रंजक भुर्रकन जळते, आत काहीच होत नाही. हा खरा फुसका बार. तेव्हा लगेच तोंडाशी जायचं नाही, आत ठिणगी असली तर बार उशिरा होतो. लागोपाठ दुसरा बार करायचा तर नवी पिशवी भरण्याआधी ओल्या बोळ्याचा गज फिरवायलाच हवा. आणि बार झाल्यावर नळी गरम पाण्यानं धुवायची, कारण दारूची काजळी ओल ओढते, लोखंड खाते.
(‘तोफेच्या कानात खिळा ठोकणे’ ते याच कानात. खिळा बसला की तोफ निकामी.)

साखर पेठ : आणि ‘ॲट गनफायर’? ‘गोळीबाराच्या वेळी’ लिहिलं होतं.

नवी पेठ : खोडा ते. ‘भोंग्याला निघाला’ म्हणतो ना आपण, तसं ‘तोफेला उठले’. पण पुढं कप, किटली दिसली तर जपून. पहाटेच्या कवायतीआधी गोरे शिपाई जो चहा घेत, त्यालाही ते ‘गनफायर’च म्हणत. तिथं सरळ ‘पहाटेचा चहा’ लिहा.